खोकल्यात अंडं

माझी भाची सहा वर्षांची होती आणि तिचं वजन होतं तेरा किलो. त्या एका पावसाळ्यात तिला दोनदा न्यूमोनिया झाला. माझा भाऊ एचआयव्हीने आणि वरून क्षयाने गेला होता. भावजय आणि मुलगी, दोघींच्या एचआयव्हीच्या गोळ्या जालन्याच्या सरकारी दवाखान्यातून चालू होत्या. त्यात भावजय एक दिवस चुकली नाही.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बरोबर आहेत. पोरीला खायला काय देता? वजन वाढलं नाही तर तिसरा न्यूमोनिया तिला झेपायचा नाही."

उत्तर मला ठाऊक होतं. पोरगी खोकली की केळं बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, अंड्याचं तर नावच नको. उरलं मुगाचं पाणी आणि मऊ भात. खोकला पंधरा दिवस टिकायचा, आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा खोकला. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पोरगी अर्धपोटीच.

परतताना एसटीत मी विषय काढला. "अगं, हे पथ्य आहे का शिक्षा?"

"तुमच्या भावानं जायच्या आदल्या दिवशी दही मागितलं, ताई. मी दिलं."

"तो क्षयानं गेला. दह्यानं न्हाई."

"तुम्ही नव्हत्या तिथं."

खरंच नव्हते. वाद सोडला आणि सौदा केला. दोन महिने मी सांगेन ते खाऊ घालायचं. खोकला आला तर जेवण बंद करायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोरगी पुन्हा भरती झाली, तर भावजयीच्या संसारात मी तोंड उघडणार नाही.

"तोंड उघडणार न्हाई? तुम्ही?" ती हसली. "कबूल."

जाफराबादेत माझं शिवणाचं दुकान आहे. दर रविवारी ते बंद ठेवून मी जीपने तिच्या गावी जायचे. पिशवीत अंडी, केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. तिसऱ्या आठवड्यात फोन आला.

"खोकून राह्यली. अंगात कसर बी हाय. आता?"

"आता निघा. मी जालन्याच्या स्टँडवर थांबते."

डॉक्टरांनी छाती तपासली. साधी सर्दी. औषध देऊन घरी पाठवलं. बाहेर बाकावर मी डबा उघडला. आत उकडलेली अंडी. पोरीने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. गप्प बसणं मला किती जड जातं ते सगळ्या घराला माहीत आहे, पण बसले. शेवटी भावजयीनेच अंडं सोललं, मीठ लावलं आणि पोरीच्या हातात दिलं. "खा. मंग बघू."

खोकला पाच दिवसांत गेला.

दोन महिन्यांनी पोरगी काट्यावर उभी राहिली. चौदा किलो सहाशे.

"सिस्टर, काटा बिघडला असंल," भावजय म्हणाली. तिने पोरीचं स्वेटर उतरवलं, चपला काढल्या. "आता बघा."

चौदा किलो दोनशे. छाती स्वच्छ. भावजयीने कार्डावरचा आकडा दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला.

रांगेत मागे एक बाई होती, कडेवर खोकणारी लेक. तिने विचारलं, "काय खाऊ घालता हो हिला?"

"समदं. खोकल्यात बी," भावजय म्हणाली आणि तिच्या शेजारी ऐसपैस बसली. मग अंड्यापासून जे सुरू केलं, ते दह्यापर्यंत यायच्या आत आमची दीडची एसटी निघून गेली.