जिन्यातलं पंधरावं कलम

कुठलीही वस्तू कोणी दिली आणि कोणी घेतली, हे लिहून ठेवल्याशिवाय ज्यांना घास उतरत नसे, असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. त्यांच्याकडून साखर आणली, तर वाटीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे. नेताना सह्या, परत देताना पुन्हा सह्या. "अहो काका, साधी वाटी आहे," मी एकदा म्हणालो. "वाटी आहे हे दिसतंय मला. आपण सही करा."

या वेडामागे एक दुखणं होतं. काका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत. तिथे ॲसिडचा रिकामा ड्रम कुणीतरी पाण्यासाठी वापरला आणि त्यांच्या जिवलग सहकाऱ्याचे दोन्ही हात भाजले. ड्रम आला कुठून, हे कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून काकांनी घातक कचऱ्याच्या प्रत्येक ड्रमला चिठ्ठी आणि हातोहात सह्या, अशी पद्धत बसवली. निवृत्त झाल्यावर तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटवर त्यांना आपल्याबरोबर त्या सहकाऱ्याचंही नाव हवं होतं. तेवढ्यात खराडीत नव्याने थाटलेल्या एका कंपनीने तीच पद्धत संगणकावर चढवून आपलाही अर्ज ठोकला आणि वाद पेटला.

सुनावणीला मी सोबत होतो. काकांनी पिशवीतून हुकमी पुरावा काढला, आमच्या जिन्यातल्या पाटीचा तारखेसकट फोटो! जुन्या बॅटऱ्या आणि कीटकनाशकांचे डबे चिठ्ठी बांधून, सह्या करून कसे द्यावेत, कसे घ्यावेत, याची चौदा कलमी पाटी त्यांनी अर्जाच्या दोन वर्षं आधी लावली होती. "बघा, आधी कोणाचं ते!" काका म्हणाले. कंपनीचा वकील गालात हसला, पण त्याचं हसू टिकलं नाही. जे आधीच चारचौघांत जाहीर झालं, त्याचं पेटंट कुणालाच मिळत नाही. काकांचा अर्ज गेला आणि कंपनीचाही. पाटी लावल्याशिवाय पुणेकराला राहवत नाही, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं.

आम्ही घरी आलो. काका जिन्यात पाटीसमोर थांबले. आता फाडतात की काय, म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी पेन काढून खाली पंधरावं कलम लिहिलं. 'ही पद्धत कोणीही वापरावी. विचारायला येऊ नये.'

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा खराडीत एका टेम्पोतून निळे ड्रम उतरत होते, प्रत्येकाला चिठ्ठी होती. काकांचं किंवा त्यांच्या सहकाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नव्हतं. दोन्ही सह्या होईपर्यंत मी उगाचच तिथे उभा राहिलो.

काकांची शेवटची वाटी माझ्याकडेच राहिली आहे. चिठ्ठीवर देणाऱ्याची सही मी कधीच करून ठेवली आहे. घेणाऱ्याची जागा तेवढी रिकामी आहे.