तळ्यापार जाणारं नाव

धुरपताबाईच्या आवाजाला तळं ओलांडायला डोंगा लागत नाही. सावलीहून वैनगंगेकडं निघालं की धानाच्या बांध्यांमधे जे मोठं तळं लागतं, त्याच्या गावाकडच्या उंच मातीच्या पाळीवर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहते आणि पाण्यात जाळं धरलेल्या माणसांवर ओरडते, "इस्तारीभाऊ, उजव्या अंगानं दाबा नं! मासा तिकडून पळून राह्यला!" पलीकडच्या पाळीवर बसथांबा आहे. तिथं डुलकी घेणारा माणूस दचकून उठतो आणि स्वतःच उजवीकडं सरकतो. असा घसा.

नवरा वारला तेव्हा ती तेविशीची होती. माहेरी परत आली, तर आई आधीच गेलेली आणि भाऊ प्रणित आठ वर्षांचा, नाक गळणारा. त्याला तिनंच वाढवलं. पावसाळ्यात तळ्यातली मासळी, मग धानाची कापणी, आणि संक्रांत झाली की गावातल्या दहा-बारा बाया घेऊन मिरची तोडायला तेलंगणात, वरंगलकडं. चौदा वर्षं गेली ती. शाळेची पायरी ती फक्त मतदान करायला चढली, पण तेलुगू अशी बोलते की तिकडचा भाजीवालाही गप बसतो. अर्धं चुकीचं असेल, पण जोरात असतं.

तिकडं तिला राजव्वा भेटली. ती तिथलीच मजूर, तिचाही नवरा गेलेला, घरात एकच मुलगी रजिता. पहिल्या वर्षी मिरचीनं धुरपताचे हात असे पेटले की ती बांधावर बसून लेकरासारखी रडली. राजव्वा काही न बोलता घरी गेली, तांब्याभर ताक घेऊन आली आणि तिच्या हातांवर ओतत राहिली. दोघींना एकमेकींचं तेव्हा काही कळत नव्हतं. तरी त्या दिवसापासून मिरचीच्या ओळी दोघी शेजारी-शेजारी धरायच्या. धुरपता घरून सुके झिंगे न्यायची, राजव्वा चिंच घालून ते रांधायची. अक्का म्हणता म्हणता बहिणीच झाल्या म्हणा ना.

आणि मग प्रणितनं घोळ घातला. पोती उचलायला म्हणून बहिणीसोबत गेला, आणि दोन हंगामांत रजितानं सांगून टाकलं, करीन तर याच्याशीच. लग्न तिकडंच झालं, पण राजव्वा अक्षता टाकून जी गेली, ती लेकीच्या सासरी कधी फिरकली नाही. जाताना धुरपताला एवढंच म्हणाली, "मी तुझ्या हातांवर ताक ओतलं, आणि तू माझ्या घरातली एकुलती पोर उचलून नेलीस."

ते वाक्य धुरपताला दोन वर्षं सलत होतं. पुढचे दोन हंगाम ती मिरचीलाही गेली नाही. बायांना सांगायची, गुडघा दुखतो. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, रजिताला मुलगी झाली. प्रणितनं सासूला फोन लावला, बारशाला या म्हणाला. राजव्वा म्हणाली, "तुम्ही तुमच्या भाषेतलं काहीतरी नाव ठेवाल. माझ्या तोंडात ते बसणार नाही. नातीला हाकसुद्धा मारता येणार नसेल, तर पाव्हण्यासारखी भिंतीला टेकून बसायला कशाला येऊ?" आणि फोन ठेवला.

रजिता बाळाकडं बघत रडली. प्रणित अंगठ्याचं नख खात बसला. धुरपता मात्र उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "नाव आत्या ठेवते. म्हणजे नाव मी शोधीन. आणि असं शोधीन का अक्काले यावंच लागंन. बारसा सव्वा महिन्यानं."

आता आत्याचा मान तो आत्याचा मान. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव ती सांगणार, आणि तोवर ते कोणाला कळू देणार नाही, ही गावाची रीत. पण नाव सुचायला रीत थोडीच मदत करते! प्रणितनं मोबाईलमधून नावांची लांबलचक यादी काढली. एकेक नाव असं, की म्हणायच्या आधी पाणी प्यावं. रजितानं भीत भीत 'वेन्नेला' सुचवलं. तिच्या भाषेत चांदणं. सुरेख नाव! पण शेजारच्या गुणाबाईनं ते चार वेळा म्हणून बघितलं आणि चारही वेळा निराळं म्हटलं.

धुरपताची स्वतःची एक परीक्षा होती. जे नाव तळ्यापार जात नाही ते नावच नव्हे, असं तिचं म्हणणं. तिनं गुणाबाईला पलीकडच्या पाळीवर पाठवलं आणि यादीतली नावं एकेक करून ओरडली. हात वर म्हणजे पोचलं, खाली म्हणजे बुडालं, असं ठरलेलं. गुणाबाई उन्हात तासभर उभी राहिली आणि शेवटी दोन्ही हात कपाळाला लावून घरी चालती झाली. जी पाच-सहा नावं पोचली, तीही धुरपताला पटेनात. "पोचून काय करतं? अक्काच्या घरात त्या नावाचं कोणी हाय का? परक्याचं नाव वाटंन तिले."

बारशाला दहा-बारा दिवस उरले, नाव नाही. धुरपतानं सुक्या झिंग्यांची पुरचुंडी बांधली, बल्लारशाला जाऊन रेल्वे धरली आणि सरळ राजव्वाचं गाव गाठलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. रागावलेल्या माणसाच्या दारात न बोलावता जायला छाती लागते.

राजव्वा दारातच होती. तिनं धुरपताला बघितलं, पुरचुंडीकडं बघितलं, आणि आत ये म्हणाली नाही. तिच्यापुढं पितळी ताट होतं, आणि त्यात ती रानफुलांचे थर गोल गोल रचत होती. बतुकम्मा म्हणजे तिकडचा दसऱ्याआधीचा फुलांचा सण; त्याचा पहिला दिवस होता तो. धुरपता चौदा वर्षं आली, पण यायची ती मिरचीच्या दिवसांत. हा सण तिनं कधी बघितलाच नव्हता. न बोलावता आलेली, न बोलावता खाली बसली आणि टोपलीतली फुलं निवडून देऊ लागली. राजव्वानं फुलं घेतली.

फुलांचा ढीग उंच झाला, तसा राजव्वानं हळदीचा ओला गोळा वळला आणि सगळ्यांच्या वर अलगद बसवला. धुरपतानं विचारलं, "हे कोण?"

"गौरम्मा," राजव्वा म्हणाली. दोन वर्षांतला तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

ऊन उतरल्यावर गावच्या साऱ्या बाया ताटं घेऊन तळ्यावर गेल्या, फेर धरला, आणि मग एकेकीनं पाण्यात उतरून फुलं सोडली. धुरपता काठावर उभी राहून बघत होती. तिच्या गावात तिजेला, म्हणजे हरतालिकेला, पोरीबाया परडीत गव्हाच्या कोंबांची गौर वाढवतात, रात्रभर जागतात आणि सकाळी ती गौर अशीच तळ्यावर नेतात. अशीच गाणी. गुडघाभर पाण्यात उतरून अशीच बोळवण, आणि माहेरवाशिणीला निरोप द्यावा तशाच ओल्या डोळ्यांनी परत फिरणं. इतकी वर्षं दोघी शेजारी-शेजारी राबल्या, आणि हे एकमेकींना कधी सांगितलंच नाही! मिरचीच्या ओळीत सांगणार तरी कधी?

फुलं सोडण्याआधी राजव्वानं हळदीच्या त्या गोळ्यातला थोडा भाग काढून कागदात बांधला होता. धुरपतानं ते बघितलं होतं. परत येताना तिनं विचारलं, "हे कोणासाठी?"

राजव्वा थांबली. "लेकीसाठी. गौरम्माची हळद लेकीबाळींना लावतात. मागच्या दोन वर्षांचीही ठेवली आहे. घरात आहे, पितळी डब्यात."

हे ऐकलं आणि धुरपताबाई, जिचा आवाज तळं ओलांडतो, ती रस्त्यात उभी राहून एकदम बारीक आवाजात बोलली. मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणाली, "अक्का, आमच्याकडंही गौर हाय. आम्हीही तिले पाण्यातच बोळवतो. तुयी लेक मी उचलून नेली असं तू म्हणतं, ते खरं धर. पण आपली दोघींची गौर एकच हाय नं? नातीचं नाव गौरी ठेवतो. हे मी कोणाले सांगितलं नाई, तुलेच पहिले सांगून राह्यली. आता ये का नको येऊ, तुया मनावर."

राजव्वानं तोंडातल्या तोंडात ते नाव म्हणून बघितलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण झिंगे रांधले, चिंच घालून, आणि ताटात दोनदा वाढले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि प्रणितनं सावलीहून आणलेला केक. केकवर मधोमध मोकळी जागा. नाव काय लिहू, म्हणून तो दोन दिवस बहिणीच्या मागं लागला होता, आणि बहीण म्हणत होती, "तुयं काम खायचं हाय, वाचायचं नाई."

सकाळची बस आली, राजव्वा नाही. दुपारची आली, नाही. बाया खोळंबल्या. गुणाबाई म्हणाली, "धुरपताबाई, सांग नं आता कानात! लेकरू झोपून जाईन." धुरपता बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिली. अक्का आली नाही, तर हे नाव या एकाच पाळीवरचं राहणार. रजिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती, रस्त्याकडं न बघता. तिनं आशा सोडली होती, ते धुरपताला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि बाळाच्या कानाशी वाकली.

तेवढ्यात संध्याकाळची बस पलीकडं थांबून गेली, आणि तळ्यापलीकडून हाक आली. "गौरीऽऽ! ओ गौरीऽऽ!"

मांडवातली सगळी माणसं वळली. पलीकडच्या पाळीवर, बसथांब्याखाली, डोक्यावर पितळी डबा धरून एक बाई उभी होती. अनोळखी गावात वाट विचारायला तिच्याकडं भाषा नव्हती. एक नाव तेवढं होतं, आणि तेच ती जीव खाऊन हाकारत होती.

"अम्मा!" रजिता किंचाळली आणि अनवाणीच पाळीकडं धावली.

"अगं बाई!" गुणाबाईनं गालावर हात मारून घेतला. "आत्याच्या आधी आजीनंच नाव फोडलं! अशी रीत असते का कुठी?"

"फोडू दे!" धुरपता ओरडली. ती रडत होती आणि हसत होती, आणि तिला कशाचीच लाज नव्हती. बाळाला छातीशी धरून ती पाळीवर चढली, आणि सगळा जीव गोळा करून उत्तर दिलं, "ओऽऽ अक्का! इथी हाय गौरी! इथी हाय!"

मागून प्रणित केक घेऊन धावत आला आणि गोंधळून बहिणीला विचारू लागला. "बाई, कोण गौरी?"

"तुयी पोरगी, येड्या! लिही आता त्या केकवर!"