गाण्यातलं ‘काऊन’

जुनी गाणी जपण्याची एवढी तळमळ आणि ती गप्प बसून ऐकण्याची एवढी नावड एकाच देहात सुखाने नांदताना मी फक्त माझ्या साडभाऊंकडे पाहिली. केशोरीचे हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी म्हाताऱ्या बायांबरोबर संपून जाणार, या धास्तीने त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सौंदडपासून नवेगाव बांधपर्यंतची माणसं त्यावर आपापल्या आज्या-मावश्यांची गाणी पाठवत, आणि ती साफसूफ करून इंटरनेटवर चढवण्याचं काम गोंदियात बसून मी करी. ग्रुपवर कुणी सकाळी गुलाबाचं फूल पाठवलं की हे विचारत, “याच्यात गाना कुठी हाये?” लग्नात नवरदेवाकडे पाठ करून वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या हेरत. एका तेरवीला तर भर पंगतीत त्यांनी, गेलेल्या बाईला किती गाणी येत होती, याची चौकशी केली. वाढणारा वाढायचं विसरला.

खरी खोड मात्र वेगळीच. स्वतः रेकॉर्डिंग करत असले की दर ओळीनंतर ते विचारणारच, “काऊन?” म्हणजे, का? गाण्यातली सून रडली, काऊन? सासू रुसली, काऊन?

त्यांची थोरली बहीण ऐंशीच्या पुढची. सारा गाव तिला बाई म्हणे. एक लांबलचक गाणं पुरतं येणारी ती एकटीच उरली होती. खुर्चीवर बसवलं तर तिला ओळच आठवेना. हात चिखलात गेल्याशिवाय गाणं येत नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी दोघी बायांनी धरून तिला धानाच्या बांधीत उतरवलं, हाती पऱ्हे म्हणजे धानाची रोपं दिली, आणि वाकल्याबरोबर गाणं सुरू झालं. माहेरी न्यायला आलेल्या भावाला बहीण परत पाठवते, असं ते गाणं. फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून शेताच्या धुऱ्यावर उभे असलेले साडभाऊ तिथेही विचारते झाले, “काऊन?” बाई वर न बघता म्हणाली, “रोवना आटोपाचा हाये म्हून. आता चूप बैस.”

पुढे ग्रुपवर तक्रारी आल्या की गाणं कमी आणि काकाजीच जास्त ऐकू येतात. दोन दिवसांनी साडभाऊंचा फोन आला, “मले कापून टाक. तिचा एक शब्द गेला नाई पायजे.” मी कापलं. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं, फोनमध्ये जागा नव्हती.

यंदा रोवण्याआधीच साडभाऊ गेले. दिवाळीनंतर मी केशोरीला गेलो, तेव्हा बाईला तिचं गाणं ऐकवलं. तिने फोन कानाशी धरून सगळं ऐकलं आणि विचारलं, “हा काई विचारून नाई राहिला?”

मला खरंच लाज वाटली. थोड्या वेळाने चिखल नसतानाही ती आपणहून गुणगुणू लागली. भाऊ परत गेला, त्या ओळीपाशी येऊन थांबली. थांबूनच राहिली.

मी हळूच म्हटलं, “काऊन?”

“रोवना आटोपाचा हाये म्हून,” बाई म्हणाली. “आता चूप बैस.”