सेव्ह झालं, सबमिट राहिलं

लग्नाच्या मांडवामागं जनरेटर सुरू झाला आन त्याचा धूर नाकात गेला, की मी आजबी हिंगोलीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन उभा राहतो.

शोभाचा, माझ्या लेकीचा, नर्सिंगचा फॉर्म भरला होता. दुकानदार म्हणाला, "सेव्ह झालं, सबमिट राहिलं. साइट अडकून राहिली, तासभर बसा." तिकडं आमच्या गावाची, साखऱ्याची एसटी लागलेली.

"बाबा, थांबू ना," शोभा हळूच म्हणाली.

"सेव्ह म्हंजे ठेवलं ना? मंग चाल." दोन शब्दांतला फरक चारचौघांत विचारायला मला कमीपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी पावती घ्यायला गेलो, तर मुदत संपलेली. जनरेटरच्या धुरानं दुकान भरलं होतं. पडद्यावर मात्र लेकीचं नाव, फोटो, मार्क, सगळं जागच्या जागी. मी काचेवर बोट ठेवून म्हणत राहिलो, "हे काय, नाव दिसून राहिलं की. काहून न्हाई म्हणता?"

माझ्या खांद्यावरच्या घोंगडीकडं बघून दुकानदार म्हणाला, "काका, सेव्ह म्हंजे इकायच्या बकरीला गेरू लावला. सबमिट म्हंजे दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. तुमची बकरी अजून तुमच्याच दारात हाय."

जवळा बाजार गावच्या बकरी-बाजारात जन्म गेला माझा. हे मला आदल्या दिवशीबी कळलं असतं.

कुणापुढं न जोडलेले हात मी त्या काचेपुढं जोडले.

शोभा मागंच उभी होती. "मी थांबा म्हणले होते," असं ती तवा बोलली न्हाई. अजूनबी बोलली न्हाई. एकदा तरी बोलावं तिनं.