मुलाखतीतला आंब्याचा तक्ता

माझी छाती इतकी धडधडत होती की टेबलापलीकडच्या दोघांना ती ऐकू जाईल असं मला खरंच वाटत होतं. मुंबईची एक सल्लागार कंपनी रत्नागिरीत आली होती. अडचणीतल्या कारखान्यांचे आकडे बघायचे आणि मालकाला उपाय सांगायचा, हा तिचा धंदा. तिला इथला एक मदतनीस हवा होता. मी नुकताच बी.कॉम. झालेलो. नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर बाबांनी एजंटाला शब्द देऊन ठेवलाच होता, पोरगा बोटीवर येईल म्हणून. बाबांचा जन्म मालवाहू बोटींवर गेला. मी मात्र जेटीवरून नुसतं खाली पाणी दिसलं तरी मागे सरकायचो.

समोरच्या दोघा साहेबांनी एक तक्ता पुढे सरकवला. आमरस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याचे तीन वर्षांचे आकडे.

"विक्री वाढतेय, नफा घटतोय. का?" चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं.

आकडे मुंग्यांसारखे इकडेतिकडे पळायला लागले. शेवटी तोंडाला आलं ते बोललो, "साहेब, नफा घटलेलाच नाही. मालकानं कमी सांगितलाय."

"कशावरून?"

"आमच्याकडे आंबा चांगला आला असं कोणी सांगतच नाही. दृष्ट लागते. झाड लगडलेलं असलं तरी यंदा काय नाय, असंच म्हणतात."

दुसरे साहेब खो खो हसले. चष्मेवाल्यांनी पेन्सिल एका ओळीवर टेकवली. रिकाम्या डब्यांचा खर्च. शेंबड्या पोरालाही दिसावा इतका तो दरवर्षी फुगत गेला होता, आणि मी तिकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"ही नोकरी तुम्हाला कशासाठी हवी?" त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं.

"बोटीवर जायची भीती वाटते," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी बघितलं. "कळवतो," ते म्हणाले. काय कळवणार ते मला तिथंच कळलं.

घरी बाबा पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"काय विचारलंनी?"

थापा मारायचंही त्राण उरलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं, शेवटचं उत्तरसुद्धा. अडकित्ता थांबला. आता उठून थोबाडीत देतात म्हणून मी भिंतीला चिकटलो.

"परक्या माणसांना सांगितलंस," ते म्हणाले. "मला का नाय सांगितलंस?"

"तुमची भीती वाटते म्हणून."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग आत गेले, सदरा चढवून बाहेर आले.

"एजंटाला नाय म्हणून सांगून येतो," म्हणाले. वहाणा पायात सरकवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी तरी कुठं हौसेनं गेलो होतो? बापाला घाबरून चढलो बोटीवर."