आक्काचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं नाक हे आमच्या वाडीतलं पोलीस ठाणंच. नवरा दारूने गेला, तेव्हापासून मुलगा घरी आला की ती त्याला उंबऱ्यावरच थांबवायची, "हा कर" म्हणायची, तोंडाचा वास घ्यायची आणि मगच ताट वाढायची. मालवणाकडच्या कितीतरी आया हेच करतात. वास नाही म्हणजे पोर धुतल्या तांदळासारखं! मला या नाकाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

भाचा वीस वर्षांचा. सीझनला पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. दिवाळीनंतर तो बिघडला. जेवायचा नाही, भिंतीकडे बघून हसायचा, मधेच घामाने निथळायचा. एकदा त्याच्या खिशातून पेनाएवढी, तोंडात धरून वाफ ओढायची नळी पडली. मी उचलली तर म्हणतो, "मावशे, फ्लेवर आसा गो. तंबाखू पण नाय त्यात." पार्सलने येतं म्हणे, मोबाइलचं कव्हर यावं तसं. शिरा पडो त्या पाठवणाऱ्याच्या तोंडावर!

मी ती नळी आक्कासमोर धरली. "ही नशा आसा. उद्याच ह्येका कुडाळाक डॉक्टरकडे व्हर, नायतर झील हातचो जातलो."

तिने हुंगली आणि चक्क हसली. "आंब्याचो वास येता गो! ह्येका नशा म्हणतत? तुका स्वताचा पोर नाय, म्हणान माझ्या झिलाच्या वायटार टपलंस."

असा संताप आला! नळी परत घेतली आणि तडक घरी आले.

तिच्या मते ही बाहेरची बाधा. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर फिरतो, काहीतरी लागलं असणार. देवळात कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, बाधा जाऊ दे म्हणून गाऱ्हाणं घातलं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" केलं. उजवी पाकळी पडली. झालं, देव पावला! आक्काने पेढे वाटले. मी तिथेच भांडले. बाधेचं विचारलंत, मग नळीचं कोण विचारणार? म्हातारे मला तोंडाळ म्हणाले. म्हणोत बापडे.

त्याच आठवड्यात भर दुपारी भाचा अंगणात कोसळला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर, आणि आक्का रिक्षावाल्याला पटवतेय, "ह्येना काय एक घेवक नाय हां!"

कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय घेतलं याने? ही नवी रसायनं साध्या तपासणीत सापडत नाहीत. घरच्यांनीच सांगायला हवं." मी पर्समधली नळी टेबलावर आपटली.

जीव वाचेल, पण डोकं पूर्वीसारखं चालेल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई संध्याकाळी म्हणाल्या. मग आम्हाला आत सोडलं. पोराच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आक्का सवयीने वाकली, मास्कच्या कडेशी नाक नेलं, हुंगलं. मग माझ्याकडे वळली. आता मलाच शिव्या घालणार असं वाटलं, आणि मीही जय्यत तयार होते. पण तिने माझा हात घट्ट धरला.

"वासच येणा नाय गो," ती म्हणाली. "मगे माका कळतला कसा?"