क्रम बदलणाऱ्याचं नाव

"मधेच क्रम बदलता येतो का?" चेअरमन आबांनी विचारलं.

पुण्याहून आलेल्या दोन कंपन्यांपैकी पहिलीचा माणूस खुलला. "एक कार्ड बदललं की झालं, साहेब. कुणाला पत्ताही लागणार नाही."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या एका साखर कारखान्यात मी ऑफिस सांभाळत होतो. ऊसतोडणीचा क्रम लावणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम निवडायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअर हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. मशीन पुण्यात, कंपनीकडे. आम्ही लागणीच्या तारखा कळवायच्या, त्यांनी त्या भोकं पाडलेल्या कार्डांवर घेऊन क्रम छापून द्यायचा. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. एवढंच हवं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं, कारण आबांचे पाहुणे मधे घुसत.

त्या हंगामात मागे ढकलले गेले उंब्रजचे हणमंतराव. फौजेतून रिटायर होऊन त्यांनी पहिल्यांदाच ऊस लावला होता. त्याला तुरा आला होता, म्हणजे आता वजन घटत जाणार. ते ऑफिसात येऊन शांतपणे उभे राहत.

"आवं सायेब, फौजेत रांग मोडली की शिक्षा व्हायची. हितं रांग मोडणाऱ्याला च्या पाजत्यात."

मला संताप आला. प्रोग्रॅम तपासायच्या माझ्या प्रश्नांत वेग होता, खर्च होता. मी आणखी एक घातला: क्रम बदलला, तर ते कळेल का?

चाचणीसाठी दोन्ही कंपन्यांना आमच्याच लागणीच्या तारखा दिल्या होत्या. दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम संथ होता. पण क्रम बदलला की तो यादीच्या तळाशी छापायचा, कुणी बदलला, कुणासाठी बदलला. मी त्याचीच शिफारस केली. आबा ती केराच्या टोपलीत टाकणार, अशी खात्री होती.

आबांनी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला विचारलं, "ही नावं बंद करता येत्यात?"

"नाही साहेब. प्रोग्रॅमच तसा केलाय."

"म्या सांगितलं तरी?"

"तरी नाही."

आबांनी चहा संपवला. "ह्योच घ्या. आन् चाचणीला छापलेली यादी उद्यापास्नं लागू करा."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कांबळे, आमचं मेव्हणं रोज सकाळच्याला दारात. बायकोच्या भावाला न्हाई कसं म्हणायचं, सांगा. आता म्हणीन, मशीन नाव छापतंय, माझा विलाज न्हाई."

यादीत हणमंतराव वरच होते. ऊसतोड मजुरांची टोळी त्यांच्या रानात गेली. थोडं वजन गेलं, पण ऊस वाचला. प्रोग्रॅम काय काय करतो हे सगळेच विचारतात. काय करायला तो नकार देतो, हेही विचारून घ्यावं.

पुढच्या वर्षी लागणीची नोंद करायला हणमंतराव आले. बाहेर बरीच गर्दी होती. मी खिडकीतून त्यांना पुढे बोलावलं.

"नगं सायेब," ते म्हणाले, "माझ्या म्होरं चौघं हायेत."